तांब्याचं एक वायसर

चाकापर्यंत ब्रेकचं ऑइल नेणारी नळी गाडीच्या सांगाड्यावर लोखंडी असते, पण शेवटची हातभर रबरी. चाक वळतं, खड्ड्यात खालीवर होतं, तिथे वाकणारंच काहीतरी लागतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या तेरा वर्षांच्या जुन्या गाडीचं पुढचं उजवं चाक काढलं, तेव्हा हा रबरी होज भेगाळलेला दिसला. एके ठिकाणी तर फुगलाही होता. असा होज जोरात ब्रेक मारताना फुटू शकतो, एवढं मला कळत होतं.

तो मी घरीच बदलायचं ठरवलं. पैसे वाचवणं हे कारण नव्हतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला हाताने काही दुरुस्त केल्याचं जे समाधान मिळतं, त्याची मला चटक लागली आहे. रविवारी दुपारी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले. लोखंडी नळीचा नट गंजला होता. साध्या पान्याने त्याच्या कडा झिजल्या असत्या, म्हणून नळीच्या नटाचा खास पाना वापरला. जुना होज काढला, नवा पीळ न पडता बसवला, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तो कुठे घासत नाही ना ते पाहिलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं.

होजचं दुसरं टोक कॅलिपरला एका पोकळ बोल्टने बसतं आणि त्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याची वायसर लागतात. तांबं मऊ असतं. आवळलं की दबून फट बंद करतं. एकदा दबलेलं वायसर पुन्हा वापरू नये, नवंच घालावं. मी दोन नवी आणली होती. त्यातलं एक हातातून निसटलं आणि टणटण करत गटाराच्या जाळीत गेलं. संध्याकाळचे सहा वाजले होते, जवळचं दुकान बंद. मी जुन्यांपैकी एक पुसून घातलं.

मग ब्रेकमधली हवा काढायची होती. मुलगी सीटवर बसली. मी म्हणायचं ‘दाबून धर’, निपल सैल करून बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत येऊ द्यायचं, निपल आवळायचं, मग ‘सोड’. वीसेक वेळा हे झाल्यावर पॅडल दगडासारखं कडक लागलं. गाडी पार्किंगमध्ये चारदा पळवून थांबवली. थांबली.

त्याच आठवड्यात ताईने गाडी मागितली. आईला घेऊन तिला माणगावला जायचं होतं. म्हणजे ताम्हिणी घाट उतरायचा. जाताना तिने विचारलं, “गाडी ठीक आहे ना रे?” मी म्हणालो, “ब्रेक तर एकदम नवे केलेत.”

दोघी सुखरूप परत आल्या. दुसऱ्या दिवशी सहज बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली. चाक काढलं. त्या सांध्याभोवती ओल होती आणि ओलीवर घाटातली धूळ चिकटून बसली होती.

‘काही झालं नाही ना, मग सोड’, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात, एक गेली तरी दुसरी थोडाफार ब्रेक देते, हेही आठवून झालं. पण क्लिफर्डचा जहाजमालक काही डोक्यातून जाईना. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर निबंध लिहिला, त्यात तो येतो. जहाज जुनं आहे, डागडुजी हवी आहे, ही शंका त्याला आलेली असते. ती तो दाबून टाकतो आणि मनापासून विश्वास ठेवतो की जहाज तरेल. जहाज बुडतं. क्लिफर्ड पुढे म्हणतो, समजा ते बुडालं नसतं, तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता.

आपण व्यवहारात असं मानत नाही. थॉमस नेगेलने नैतिक दैवावरच्या आपल्या लेखात एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं आहे: ब्रेक तपासून घ्यायची हयगय केलेला चालक आणि त्याच्या ट्रकखाली आलेलं मूल. तीच हयगय करणाऱ्या, पण वाटेत मूल न आलेल्या दुसऱ्या चालकाला आपण क्वचितच जाब विचारतो. दोघांमधला फरक त्यांनी कमावलेला नाही. मी तो दुसरा चालक होतो.

पण माझी चूक नेमकी कुठली? ब्रेकला घरी हात लावणं ही, असं मला अजूनही वाटत नाही. गॅरेजमध्येही संध्याकाळचे सहा वाजतात, तिथेही वायसर हरवतं. जुनं वायसर घालणं ही चूक खरी. पण गाडी मीच चालवत असतो, तर निदान दोन दिवस ती पातळी बघत राहिलो असतो. माझ्या मनात शंका होती. ताईला मात्र मी खात्री दिली. ज्या गोष्टीची मला स्वतःला खात्री नव्हती, तिच्यावर आईला बसवून घाट उतरवला. रस्त्यावरच्या बाकीच्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

दोन्ही वायसर नवी घातली, पुन्हा हवा काढली आणि मग ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“आता दोन्ही नवी घातलीस ना?”

“हो.”

“तेव्हाच सांगायचंस. आम्ही एसटीने गेलो असतो.”

एवढंच. एसटीने जायचं की नाही, हे ठरवणं तिचं होतं. ते मी एका वाक्यात तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तिला ते कळलंही नव्हतं. दोघी सुखरूप आल्या, म्हणून ते परत दिलं गेलं असं होत नाही.

गाडीची कामं मी अजून घरी करतो. कुणी गाडी मागितली, की काय बदललंय, कधी बदललंय आणि कशाबद्दल मला शंका आहे, ते सांगतो. परवा शेजाऱ्यांनी ते शांतपणे ऐकलं, किल्ली माझ्या हातात परत ठेवली आणि रिक्षा बोलावली. मला जरासं लागलं, पण त्यांचं बरोबर होतं.