सुकलेलं फूल



कुंडीतल्या गुलाबाजवळ कधी पहाटे थांबलात? एखादं फूल सुकून फांदीवरच राहिलेलं असतं. हात पुढे होतो आणि मागे येतो. किती सुंदर होतं ते! राहू दे अजून थोडं.

पण झाडाचं काम सुरू झालेलं असतं. बी धरायचं काम. जीवनरस तिकडे वळतो आणि नवी कळी खोळंबते. म्हणून सुकलेलं फूल खुडावं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, धारदार कात्रीनं, तिरका काप द्यावा. काही दिवसांत तिथूनच तांबूस, कोवळा धुमारा फुटतो.

आपणही मनात अशी फुलं धरून बसतो. कधीकाळचा मान. कुणी केलेलं कौतुक. आणि जुना रुसवा. तो तर आपण फारच जपतो. त्याला रोज पाणी घालतो, आणि आज बोलायचे दोन शब्द आतच अडून राहतात. सुकलेलं फूल खुडावं. त्यात फुलाचा अपमान नाही. ते फुललं होतं, हे खरंच आहे.

श्रोतेहो, आज चहा झाला की कुंडीपाशी जा. आणि ज्यांच्याशी बरेच दिवस बोलणं नाही, त्यांना एक फोन करा.