मनोरा आणि माईक

परवा भाच्यानं सहज विचारलं, "मामा, आकाशवाणीचं सांगली केंद्र आता मोबाइलवर लागतं. मग त्या प्रक्षेपणाच्या मनोऱ्याला वीज कशाला घालायची?" विचारून तो मोकळा झाला, माझ्या डोक्यातून मात्र प्रश्न जाईना.

उत्तर तसं तयार होतं. कृष्णेला पूर आला की आधी वीज जाते, मग मोबाइल मुका होतो. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळिसावर आहे की धोक्याच्या 45 फुटांवर गेलंय, हे तेव्हा दोन सेलवरचा ट्रान्झिस्टरच सांगू शकतो. 1251 किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, एफएमसारख्या डोंगराआड अडत नाहीत. भाच्यानं हे मानलं, पण लगेच म्हणाला, "पुरापुरतं ठीक. उरलेलं वर्ष?"

तिथं मी अडलो. मनोरा आणि माईक यांत मी नेहमी फरक करतो. मनोरा आवाज लांब नेतो. माईकपुढे कुणाला बसवायचं, हे माणसं ठरवतात. आणि मी तर नुसत्या मनोऱ्याची बाजू लढवत होतो.

हा फरक एका जुन्या प्रयोगात नीट दिसतो. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं बसवली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर बोलत, अडलेलं पुण्याला कळवत आणि उत्तर पुढच्या एखाद्या कार्यक्रमात येई. मला या प्रयोगाचं अजून अप्रूप वाटतं. शेतकऱ्याला ऐकवणारे पुष्कळ होते. इथं त्याचं ऐकायला पुण्यात कुणीतरी बसलं होतं. आवाज गावात न्यायला मनोरा पुरला, पण गावाचे प्रश्न वाचायला माणूसच लागला.

1963 पासून सांगलीला केंद्र आहे ते याचसाठी. द्राक्षावर डाऊनी आली, हळदीचा भाव पडला, जतला टँकर पोचला नाही, हे मुंबईच्या माईकला कसं कळणार? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही. म्हणजे रेडिओवर जिल्ह्याची बातमी हवी तर आकाशवाणीकडेच जावं लागतं.

पण याच हिशेबानं, मनोरा दिमाखात उभा आणि त्यावरून दिवसभर दुसरीकडचे कार्यक्रम सहक्षेपित होत असतील, तर आपण नुसतं लोखंड राखतोय. उलट उद्या मनोरा गेला, पण स्टुडिओत तासगावचा बेदाणेवाला बोलत राहिला, तर केंद्र जिवंत आहे. पुरासाठी मनोरा ठेवावा, हे माझं अजूनही म्हणणं आहे. भांडायचं मात्र माईकपुढच्या रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांसाठी. भाच्याशी वाद सुरू केला तेव्हा मी इथं येईन असं वाटलं नव्हतं.

आता मीच त्याला विचारलंय : मोबाइलवर सांगली केंद्र लागतं, पण त्यात सांगली किती तास असते? आठवडाभर वहीत लिहून ठेव म्हटलं. वही घेऊन तो रविवारी येणार आहे.