जमेची बाजू

यंदाची मे महिन्याची सुट्टी ‘हिरवी’ करायची, असं नंदूने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं आणि तयारीलाही लागला. बांबूचे पाच टूथब्रश आले. शहाळ्यासाठी स्टीलच्या नळ्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, कापडी पिशव्या आल्या. या पिशव्या ज्या प्लास्टिकच्या वेष्टनातून आल्या होत्या, ते आबांनी काही न बोलता घडी करून कपाटात ठेवलं. नंतर नंदू म्हणाला, “आता मोप्याची पाच तिकिटं काढतो. तिथून कुडाळ गाडीने तासाभराचं.”

“तीनच काढ,” आबा म्हणाले. “माझं आणि मुक्ताचं मांडवी एक्स्प्रेसचं झालंय. आरएसी आहे.”

नंदू वैतागला. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्याला सांगायला नको: साठ दिवस आधी आठ वाजता आरक्षण उघडतं आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत वेटिंग लागतं. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून सावंतवाडी-कुडाळकडच्या चाकरमान्यांना ही एक सोय झाली. ज्यांना चारच दिवसांची रजा मिळते, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण नंदूला पंधरा दिवसांची रजा होती.

आरएसी म्हणजे खिडकीकडेच्या खालच्या बाकावर समोरासमोर दोघांनी बसायचं. रात्रीच्या प्रवासाला ती शिक्षाच, पण दिवसाच्या गाडीला याहून चांगली जागा नाही. ठाण्याला दोघं चढली. रोहा मागे पडलं तोवर मुक्ताची दोन कटलेटं आणि आबांचं ऑम्लेट झालं होतं, कारण मांडवीत बसून नुसता चहा पिणारा माणूस अजून जन्मायचाय. मग आबांनी पिशवीतून लांबट वही काढली. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं तरी त्यांचा जीव हिशेबाच्या वहीत. पानाच्या मधोमध रेघ मारून त्यांनी डावीकडे ‘जमा’ आणि उजवीकडे ‘नावे’ लिहिलं.

“हे काय?”

“तुझ्या बाबाच्या सहलीचा हिशेब. जमेला काय धरायचं सांग.”

मुक्ताने धडाधड सांगितलं. आबा लिहीत गेले. प्लास्टिकचा ब्रश पंधरा-वीस ग्रॅमचा, असे पाच वाचले. नळी अर्धा ग्रॅम, समजा तीस शहाळी. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, पिशव्या. उदार हाताने धरूनही बेरीज किलोच्या अलीकडेच राहिली.

“आता नावे. विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच भाऊ. एवढ्याशा अंतराला माणशी दहा किलो तरी धर. एक किलो जळलं की तीन किलोंहून थोडा जास्तच कार्बन डायऑक्साइड होतो.”

“एका किलोचे तीन किलो? कसे काय?”

आबांचा चेहरा उजळला. वर्गातल्या कुणीतरी नेमका प्रश्न विचारल्यावर उजळायचा तसा. “इंधनातला एक कार्बन हवेतले दोन प्राणवायू ओढून घेतो. वजन त्यांचंच जास्त. ते आपण टाकीत भरलेलं नसतं, म्हणून हिशेबात धरायला विसरतो. आणि विमान चढताना जास्त जळतं. लांबच्या प्रवासात एकदा चढलं की ते तासन् तास वर राहतं. इथे म्हणजे दादरचा पूल चढायचा आणि लगेच उतरायचा.”

तीन माणसं, जाऊन-येऊन साठ किलो इंधन. मुक्ताने बोटांवर गुणाकार केला आणि उजव्या बाजूला लिहिलं: १८० किलोच्या वर. मग डावीकडे पाहिलं. मग आपल्याच गाडीकडे.

“आणि आपले?”

“आपलेही आहेत. २०२२ पासून हा सगळा मार्ग विजेवर आहे, पण ती वीज बरीचशी कोळशाचीच. हजारभर माणसांत वाटली जाते म्हणून आपल्या वाट्याला थोडी येते. शून्य लिहू नकोस.”

करबुड्याच्या बोगद्यात डबा काळोखला. साडेसहा किलोमीटर. कुठल्याशा बाळाने भोकाड पसरलं, कुणीतरी गणपती बाप्पाचा जयघोष केला. कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा, १९९८ साली, हा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. रत्नागिरी सुटल्यावर आबांनी मुक्ताला दाराशी नेलं, दांडा घट्ट धरायला लावला. पानवल नदीचा पूल. खाली चौसष्ट मीटर. माडांचे शेंडे वरून बघायला मिळतात ते इथेच. मुक्ता काही बोलली नाही, नुसती आबांचा हात दाबून उभी राहिली.

पुढे एका लहान स्टेशनावर गाडी क्रॉसिंगला थांबली. मार्ग एकेरी, त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाट द्यावीच लागते. एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली. पंचवीस मिनिटं गेली. समोरच्या बाकावरचे गृहस्थ घड्याळ बघत होते, आबा करवंदाच्या बिया मोजत होते.

कुडाळला उतरेपर्यंत पाच वाजून गेले. घरी नंदू दोनलाच पोचला होता. विमान अगदी वेळेवर आलं होतं, हेही सांगायला हवं. वाचलेले तीन तास तो ओटीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या कॉलवर होता. गावची काकी पुढे आली. “इलंस गो बाय? दमलंस मां?” म्हणत तिने मुक्ताच्या हातात कोकम सरबताचा पेला दिला.

चार दिवसांत मुक्ताच्या एक गोष्ट लक्षात आली. काकी भांडी राखेने आणि काथ्याने घासायची, पाणी मडक्यातलं द्यायची, मासे विकायला येणाऱ्या बाईपुढे टोपली धरायची, आंघोळीचं पाणी केळीला जायचं. यातल्या कशालाच तिने नाव दिलेलं नव्हतं. मुक्ताने वहीत काकीचं वेगळं पान काढलं आणि नावेच्या बाजूला काय लिहावं म्हणून बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

ती वही नंदूच्या हाती लागली पाचव्या रात्री. वीज गेली होती. त्याने मोबाइलच्या उजेडात पान वाचलं आणि त्याचा आवाज चढला. “म्हणजे मी केलं ते सगळं फुकट? प्लास्टिक वेगळं, धूर वेगळा. दोन्ही एका तराजूत कसे घालता, आबा?”

“बरोबर आहे तुझं,” आबा म्हणाले. “नाहीच घालता येत. म्हणून बेरीज वजा केलेली नाही. दोन बाजूंना दोन लिहिल्यात. आणि तुझी एकही नळी खोडलेली नाही बघ, सगळं जमेला धरलंय.”

“मग म्हणायचंय काय तुम्हाला?”

“मला काय म्हणायचं असणार? हिशेब मुक्ताचा आहे.”

नंदूने वही मिटली. बाहेर काजवे निघाले होते, धाकट्याला ते दाखवायला तो उठून गेला.

परतीची विमानाची तिकिटं आधीच काढलेली होती. तिघं विमानाने गेली, दोघं गाडीने. त्या विषयावर कुणीच बोललं नाही.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी आबा उठले तर नंदूची छत्री जागेवर नव्हती. सहा वाजले होते, पाऊस कोसळत होता. मुक्ताला घेऊन ते स्टेशनापर्यंत गेले. गणपतीला बरोबर साठ दिवस उरले होते. आरक्षणाच्या खिडकीपुढची रांग दाराबाहेर आली होती आणि तिच्यात नंदू अर्धा भिजून उभा होता.

“कितवा नंबर?” आबांनी विचारलं.

“अकरावा.”

“पावसाळी वेळापत्रक आहे हं. गाड्या हळू चालतात. तास-दोन तास जास्तच धर.”

“माहीत आहे,” नंदू म्हणाला आणि मुक्ताकडे वळला. “पाच जणांना आरएसी मिळाली, तर एका खिडकीशी कोण कोण बसणार ते आत्ताच ठरवून टाकू.”

खिडकी उघडायला दोन तास होते. मुक्ताने काखेतली वही बाहेर काढली.