अडगळ कोण ठरवणार?

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांत चुन्याचे डबे निघतात. घाटावर चिखली-मेहकरकडं जा, नाहीतर घाटाखाली खामगाव-मलकापूरकडं. १४ एप्रिलच्या आधी दारोदारी घरातलं सारं सामान उन्हात काढलेलं दिसतं. फुटका माठ, कान तुटलेली कढई, मोडकी बाज, युरियाच्या पोत्यात कोंबलेल्या चिंध्या, पत्र्याची पेटी. त्या ढिगाशी आपला कार्यकर्ता पोरगा उभा असतो आणि मायवर खेकसतो, "फेक हे सारं! बाबासाहेबांनी काय सांगितलं?" माय म्हणते, "राहू दे ना बाप्पा, कामी पडते कव्हा-मव्हा."

मित्रांनो, हे भांडण हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्यानं जपलेलं काय अडगळ आहे, हे कोणी ठरवायचं? मला तरी हा नीतीचा प्रश्न वाटतो.

पहिल्यांदा ही अडगळ आली कुठून ते बघू. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, मेलेल्याची वस्त्रं नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असं तिथं लिहून ठेवलंय. त्याच अध्यायात पुढं, शूद्रानं ताकद असली तरी धन साठवू नये अशी आज्ञा आहे. म्हंजे खालच्याच्या घरात काय असावं नि काय नसावं याची यादीच तयार होती. गावगाड्यानं ती इमानानं पाळली. मढ्यावरचं कापड आमचं, उतरलेलं धोतर आमचं, शिळं तुकडं आमचं. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळालं. त्यातली भांडी मात्र घरात उरली. ज्या बाईच्या दारात दुसऱ्यानं टाकलेली वस्तूच पिढ्यान् पिढ्या 'नवी' म्हणून आली, तिच्या हातून फुटका माठ सुटत नाही, याला अडाणीपणा म्हणू नका. दुसरा माठ मिळेल अशी हमी तिला कोणी दिली होती?

आता शहरातल्या पांढरपेशांत कमी सामानात राहायची टूम निघाली आहे. मोकळ्या भिंती, एक चटई, एक फुलदाणी. ज्याला उद्या बाजारातून पुन्हा आणता येतं तो आज खुशाल फेकतो. त्यात त्याग कसला? बुद्धानं गृहस्थाला असली शिकवण दिलेली नाही. अनाथपिंडिकाला त्यानं गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यातलं पहिलंच सुख म्हंजे घाम गाळून, धर्मानं मिळवलेलं काहीतरी आपल्याजवळ असणं. कापूस वेचून आलेल्या पैशातून घेतलेलं पातेलं त्या सुखात बसतं. ते घासूनपुसून फळीवर लावा.

आणि झिजलेल्याचं काय करायचं? चुल्लवग्गात गोष्ट आहे. उदेन राजाला शंका आली की एवढी चीवरं घेऊन हे भिक्खू करतात तरी काय. आनंदानं एकेक हिशोब दिला. जुन्या चीवराचं पांघरूण, पांघरुणाची गादीची खोळ, खोळीचं बसकर, मग पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं. शेवटी चिंध्या मातीत कालवून त्या मातीनं जमीन लिंपायची. आपल्या मायनं चुल्लवग्ग पाहिलेला नाही. पण लुगड्याची वाकळ आणि वाकळीचं पोतेरं ती जन्मभर करत आलीय.

मग काहीच टाकायचं नाही का? टाकायचं तर आहेच, आणि त्यात मुलाहिजा नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा झाल्या. त्यानंतर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत लोकांनी देव्हाऱ्यातले देव उचलून नदी-नाल्यात सोडले. याच्याएवढी मोठी घरसफाई मला दुसरी माहीत नाही. (भालचंद्र नेमाडे यांनी २०१० साली आपल्या कादंबरीच्या नावातच हिंदू म्हंजे जगण्याची समृद्ध अडगळ असं म्हटलं. ज्यांचा वाडा असेल त्यांची समृद्ध असेल. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती अंगावर कोसळत होती.) पण त्या प्रतिज्ञांचा कर्ता बघा. मी मानणार नाही, मी करणार नाही. तू मानू नकोस, अशी प्रतिज्ञा त्यात नाही. ज्यानं देव आणला त्यानंच तो उचलला, म्हणून ती सफाई टिकली.

आणि आपला पोरगा काय करतो? पेटीच्या तळाशी लुगड्यात गुंडाळलेला मरीमायचा टाक मायच्या माघारी उकिरड्यावर भिरकावतो आणि क्रांती झाली म्हणतो. माय तोंडातून शब्द काढत नाही. होळीच्या सुमाराला गुपचूप सैलानीच्या यात्रेला जाऊन येते. तिची भीती कोणी काढलीच नव्हती. तिच्याजवळ बसावं लागेल. हा टाक घरात केव्हा आला, कोणतं लेकरू पटकीनं गेलं होतं, हे विचारावं लागेल. पटकी घाण पाण्यातून येते, आणि चांगल्या पाण्याला हात लावायची आपल्याला बंदी होती, त्यासाठी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावं लागलं, हे तिला सांगावं लागेल. मरीमायचा कोप कशाला म्हणत होतो ते तिला कळलं की टाक ती स्वतः काढेल. कदाचित दोन वर्षं लागतील. लागू द्या. घर तिचंही आहे.

त्याच पेटीत खाली आणखी एक पुडकं असतं, ते मात्र ओरडण्याच्या नादात चुलीत घालू नका. आजाचा शाळेचा दाखला. जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि तो बहुतेकदा असल्याच कागदात सापडतो. त्यावर 'महार' लिहिलेलं असतं. जो शब्द आपण नागपूरला टाकून आलो तोच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा लागतो, ही गंमत सरकारची. त्याच पुडक्यात कुठं पँथरचं पत्रक निघेल, कुठं नामांतराच्या मोर्चाची पावती. अशी किती पत्रकं वाळवीनं नि रद्दीवाल्यानं नेली! सालवार लावा, कापडात बांधा, पेटी जमिनीपासून हातभर वर विटांवर ठेवा. कोणता कागद कोणाचा, हे मायला विचारून त्यावर पेन्सिलीनं लिहा. सांगणारी तीच एक उरली आहे.