उभ्या गाडीचे स्टेअरिंग

ट्रकचे स्टेअरिंग सर्वांत जड लागते ते गाडी उभी असताना. धावत्या ट्रकचे पुढचे चाक फिरता फिरता वळते, त्यामुळे हाताला फारसा जोर लागत नाही. उभ्या ट्रकचे चाक वळवायचे म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला सगळा भाग जागच्या जागी घासत फिरवायचा. त्यात जमीन पाणी पिऊन बसलेली काळी असली आणि चाक चार बोटे रुतलेले असले, तर टायरला बाजूची माती ढकलत वळावे लागते. पॉवर स्टेअरिंगला तेल पुरवणारा पंप इंजिनावर फिरतो, आणि रुतलेल्या गाडीचे इंजिन त्या वेळी सर्वांत मंद चालत असते. सर्वांत जास्त मदत हवी असते त्याच घडीला पंप सर्वांत कमी तेल देतो. आमच्या उसाच्या ट्रकचा पंप बदलायचे ठरले तेव्हा हे मला नीट कळले आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेले नाही.

हा ट्रक ज्या कोल्हारच्या रानात चालतो ते प्रवरेच्या पाण्यावर पोसलेले आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि या पट्ट्यात ऊस रुजला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेजारच्या लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत नेणे हा या भागातला मोठा धंदा झाला. कोल्हारला नगर-मनमाड रस्ता आहे, घोटीकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. रस्ते पुष्कळ आहेत, पण ट्रकची खरी परीक्षा रस्त्यावर होत नाही. ती होते फडापासून बांधापर्यंतच्या शे-दोनशे फुटांत. आदल्या आठवड्यात पाटाचे पाणी दिलेले असते, ऊसतोड टोळी मोळ्या रचून मोकळी झालेली असते, आणि भरलेला ट्रक दोन सरींच्या मधून काढून बांधाच्या तोंडाशी वळवायचा असतो. ऑफ-रोड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगरात चढणाऱ्या हौशी जीपगाड्या येतात. माझ्या लेखी आमच्या जिल्ह्यातले सर्वांत कष्टाचे ऑफ-रोड वाहन म्हणजे उसाचा ट्रक. त्याच्या पुढच्या चाकांना इंजिनाचा जोरही मिळत नाही, ती फक्त वळायची आणि ओझे उचलायची.

आमच्या ट्रकला पुढे रुंद टायर घातले होते, रुतणे कमी व्हावे म्हणून. रुतणे कमी झाले, पण जमिनीला टेकणारा भाग वाढला आणि वळवणे जड झाले. जीपवाल्यांचेही असेच होते. आधी मोठे टायर येतात आणि त्यांच्या मागोमाग मोठ्या पंपाची गरज येते.

गाडीवर ड्रायव्हर म्हणून जे मामा आहेत त्यांनी तक्रार अशी कधी केली नाही. हंगामाच्या मध्यावर एकदा एवढेच म्हणाले, "दादा, रातच्याला खांदा लई ठणकतो." आमच्या भागात ट्रकवर खर्च करण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी पाटे वाढवायचे, मग फाळके उंच करायचे, मग टायर, मग इंजिनाचे काम. हा सगळा खर्च ओझ्यासाठी असतो. ते ओझे वळवणाऱ्या माणसाच्या खांद्याची पाळी फार उशिरा येते. हा क्रम मला अन्यायाचा वाटतो. ड्रायव्हर दमला की गाडी बांधावरून घसरते, हा हिशेब तर आहेच. पण तो बाजूला ठेवला तरी, रोज रात्री दुखणारा खांदा हे खर्चाला पुरेसे कारण आहे.

गाडी मिस्त्रींकडे नेली तेव्हा त्यांनी पंपाला हात लावण्याआधी दोन गोष्टी केल्या. किंगपिनला, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिला, ग्रीस भरून घेतले आणि टायरमधली हवा पाहिली. कोरडे किंगपिन आणि कमी हवा यांचे पाप पुष्कळदा पंपाच्या माथी मारले जाते. मग त्यांनी मामांना विचारले, "वळतच नाही, का हळू फिरवलं की वळतं अन् झटक्यात फिरवलं की अडतं?" मामा म्हणाले, झटक्यात फिरवले की मधेच दगडासारखे होते. निम्मे निदान तिथेच झाले. तेलाचा दाब स्टेअरिंग बॉक्समधल्या पिस्टनला जोर देतो, तर तेलाचा प्रवाह तो पिस्टन किती वेगाने सरकेल हे ठरवतो. दाब कमी असेल तर चाक हलतच नाही. प्रवाह कमी असेल तर चाक हलते, पण हाताच्या वेगाला तेल पुरे पडत नाही आणि मदत अध्येमध्ये तुटते. गेज लावून पाहिले तर दाब ठीक निघाला. तेल कमी पडत होते.

हा पंप व्हेन जातीचा असतो. फिरत्या रोटरच्या खाचांत पातळ पाती सरकतात आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतात. पंप इंजिनाच्याच वेगाने फिरतो असे धरले, तर एका फेऱ्याला १२ घनसेंटिमीटर तेल देणारा पंप मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ७.२ लिटर देतो, १८ घनसेंटिमीटरचा १०.८ लिटर. हा झाला कागदावरचा आकडा. झिजलेल्या पात्यांमधून गळती होते आणि तेल तापून पातळ झाले की ती आणखी वाढते. मोठ्या पंपाचे जादा तेल रस्त्यावर नको असते, नाही तर वेगात स्टेअरिंग भलतेच हलके होईल. त्यासाठी आत प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडचे तेल तो परत फिरवतो. त्यामुळे मोठ्या पंपाचा सगळा फायदा मंद इंजिनाला, म्हणजे रानातच मिळतो. मिस्त्रींनी मोठा पंप बसवला, पण दाबाची मर्यादा जुन्या बॉक्सला झेपेल तेवढीच ठेवली. "दाब वाढवला तर जोर येईल, पण बॉक्सचे सील अन् टाय रॉड ते सोसायचे नाहीत," हे त्यांचे म्हणणे मला पटले.

फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकी अभियंता पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड गाड्या वळवताना होणारे हाल त्याने तिथे पाहिले, आणि १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग करून दाखवले. मोटारींच्या बाजारात ते यायला १९५१ उजाडले. क्रायस्लरने ते आपल्या महागड्या इंपीरियल गाडीत दिले. ट्रकच्या कष्टातून सुचलेली सोय मोटारींच्या बाजारात श्रीमंतांपासून सुरू व्हावी, याचे मला वाईट वाटते. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांना तर ती नव्हतीच. वळणावर अंगाचा भार टाकून स्टेअरिंग ओढणारे ड्रायव्हर मी लहानपणी पाहिले आहेत.

नव्या पंपाने उष्णतेचा प्रश्न आणला. स्टेअरिंग शेवटापर्यंत वळवून तसेच धरून ठेवले की पिस्टनला पुढे जागा नसते, तेल दाबाच्या व्हॉल्व्हमधून परत जाते आणि पंपाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. १०० बार दाब आणि मिनिटाला १० लिटर प्रवाह धरला तर ती सुमारे १.७ किलोवॅट भरते, म्हणजे बादलीतले पाणी तापवायच्या रॉडइतकी. तेलाची टाकी लहान असल्याने ते भराभर तापते. म्हणून मिस्त्रींनी टाकीतला फिल्टर बदलला, परतीच्या नळीवर छोटा कूलर घातला आणि मामांना सांगितले, शेवटाला टेकले की केसभर मागे घ्या, पंपाला ओरडू देऊ नका.

मामांचा खांदा आता बरा आहे. एक गोष्ट मात्र त्यांना खटकते. पूर्वी चाकाखालची जमीन स्टेअरिंगमधून हाताला कळायची. कुठे दलदल आहे, कुठे खाली मुरूम लागला, हे जडपणावरून समजायचे. आता तेल हात आणि जमीन यांच्यात अंतर राखते. ही तक्रार मला खरी वाटते, तरी त्यासाठी जुना पंप परत बसवावा असे त्यांनाही वाटत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रोस्टॅटिक स्टेअरिंगमध्ये हात आणि चाक यांच्यामध्ये फक्त तेल असते. आमच्या ट्रकमध्ये दांडा अजून जोडलेला आहे. पंप बंद पडला तरी गाडी वळेल, जड वळेल पण वळेल. मामांना त्याचा मोठा आधार वाटतो.

हंगाम सुरू व्हायच्या आधी स्टेअरिंगचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्रॅग लिंकचे आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट पाहून घ्यायचे आहेत. मदत वाढली की ड्रायव्हर रुतलेल्या जागीही बिनधास्त फिरवतो आणि तो सगळा ताण त्या सांध्यांवर येतो. मिस्त्रींनी दिवाळीच्या आधीची वेळ दिली आहे.