प्रदोष कुणाच्या गावचा?

२०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन नेमके कधी करायचे यावरून देशभर वाद झाला. आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास संपली. लक्ष्मीपूजनाला अमावास्या हवी ती प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या काही घटकांत, आणि या वेळी ती दोन्ही संध्याकाळी होती: आदल्या दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईकडे जेमतेम दहा-बारा मिनिटे. उत्तरेत अनेकांनी ३१ तारीख धरली, महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी १ तारीख दिली. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे दृक्-गणित मानणाऱ्यांतही मतभेद होता, कारण अमावास्या किती वाजता संपते हे गणित सांगते. दोन प्रदोषांपैकी कोणता घ्यायचा हे ते सांगत नाही. ते काम निर्णयाचे, आणि त्यासाठीच निर्णयसिंधू, धर्मसिंधू असे ग्रंथ रचले गेले.

आता हाच सण संकेतस्थळावरच्या ‘कॅलेंडरमध्ये जोडा’ या बटणामागे कसा दिसतो ते पाहू. बटण दाबले की सर्व्हरवरचा कोड दहा-पंधरा ओळींची साधी मजकूर-फाईल तयार करतो. सुरुवातीला ‘बिगिन:व्हीकॅलेंडर’, मग घटनेचे नाव, तिचा ओळख-क्रमांक आणि ‘डीटीस्टार्ट’, म्हणजे आरंभाची वेळ. आयकॅलेंडर नावाचे हे मानक १९९८ चे, २००९ मध्ये सुधारलेले. बैठका आणि विमानांच्या वेळा त्यात चोख बसतात. लक्ष्मीपूजन बसवताना मात्र कोड लिहिणाऱ्याला, त्याच्या ध्यानीमनी नसताना, काळ म्हणजे काय याविषयी एक बाजू घ्यावी लागते. पुण्यातली संध्याकाळची ६:०५ ही वेळ त्याने जागतिक वेळेत लिहिली, तर न्यू जर्सीतल्या मराठी घरातला फोन १ नोव्हेंबरला सकाळी ८:३५ ला पूजेची आठवण देईल, प्रदोष सकाळी! टाइमझोन न जोडता नुसते ६:०५ लिहिले, तर फोन तिथल्या संध्याकाळी वाजेल. पण तिथे अमावास्या त्याच दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपलेली असेल. वेळ गाळून फक्त तारीख दिली तरी चूक तीच. त्या घरासाठी प्रदोषातली अमावास्या ३१ ऑक्टोबरलाच होती, आणि तिथे पुण्यासारखा पेचही नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की व्रताचा काळ ही आकाशातली एक खूण नाही आणि भिंतीवरची एक तारीखही नाही. चंद्र-सूर्यांचे अंतर, कर्त्याच्या गावचे क्षितिज आणि त्याने मानलेली परंपरा या तिन्हींचा मेळ बसला की तो काळ ठरतो. एकच फाईल करून सगळ्या जगाला वाटणे ही तांत्रिक हयगय तर आहेच, पण धर्मदृष्ट्याही ती चूक आहे. उलट मागणाऱ्याचे गाव आणि संप्रदाय विचारून प्रत्येक वेळी नवी फाईल घडवणारा सर्व्हर शास्त्राच्या जास्त जवळ जातो. दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा येण्याची सोय मानकात आहे. तिचा इथे उपयोग शून्य.

यावर पहिला आक्षेप भक्तीच्या बाजूने येईल: देव भावाचा भुकेला, त्याला मिनिटांशी काय देणेघेणे? हे मान्य केले तर गजर लावायचेच कारण उरत नाही. ज्याला वेळ नको त्याने ती विचारू नये. पण जी फाईल वेळ सांगते तिने ती खरी सांगायला हवी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सण चारचौघांचा असतो. प्रत्येकाच्या फोनात वेगळा मुहूर्त गेला तर एकत्र येणार कोण? परदेशातली महाराष्ट्र मंडळे दिवाळी शनिवार-रविवारी साजरी करतात आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र तो उत्सव आहे, त्याची वेळ मंडळाने ठरवलेली आहे. त्याची नोंद वेगळी असावी, व्रताच्या नावाखाली नसावी. एरवी एकाच गावातही स्मार्त आणि भागवत एकादशी कधी कधी दोन दिवशी येतात. त्याने शेजार मोडलेला नाही.

तिसरा प्रश्न अधिकाराचा: हा निर्णय प्रोग्रामरने का करावा? त्याने तो करूच नये. छापील पंचांगात पंचांगकर्त्याचे नाव असते, गणित कोणत्या स्थळाचे तेही दिलेले असते. वाचक आपल्या गावापुरता फरक करून घेतो. फाईलमध्ये हे सगळे गळते आणि उरते ती अधिकारवाणीने बोलणारी एक तारीख. वास्तविक वर्णनाचा रकाना तिथे मोकळाच असतो. ‘गणित न्यू जर्सीतल्या एडिसन गावचे, निर्णय अमुक पंचांगाचा’ एवढे त्यात सहज मावते. (देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट खाते आणि मानक ७५ बाइटांनंतर ओळ मोडायला सांगते, त्यामुळे बेसावध कोड चिन्हाच्या मधोमध ओळ तोडतो आणि काही फोनांवर ‘लक्ष्मी’ची प्रश्नचिन्हे होतात, तेवढे सांभाळावे.)

ओळख-क्रमांकाचा मुद्दा त्याहून सूक्ष्म आहे. एकाच क्रमांकाची सुधारित नोंद आली की कॅलेंडर जुनी काढून नवी ठेवते. मग ३१ ऑक्टोबरचे आणि १ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन एकच, की दोन? माझ्या मते एका कर्त्यापुरते ते एकच, म्हणून क्रमांकही एकच असावा. वर्षाच्या मध्यात कुणी पुण्याहून एडिसनला राहायला गेला, तर नवीन फाईलने त्याचे पूजन एक दिवस अलीकडे सरकवावे. पुण्यात राहिलेल्या त्याच्या आईच्या नोंदीला मात्र त्या फाईलने हात लावू नये.