रांगेतील न्याय

हैदराबादजवळील शमशाबादचा विमानतळ २००८ साली सुरू झाला. तामसीहून तो तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तेथील वेळ सुखाने जावा म्हणून जाणते प्रवासी सांगतात : सामान थोडे न्या, लवकर पोहोचा, पैसे भरून विश्रांतिकक्षात बसा. उपदेश खोटा नव्हे. पण ज्याला वाट ठाऊक आहे त्याच्याच उपयोगाचा. आमच्या जिल्ह्यातून आखातात मजुरीस निघालेल्या मनुष्याला तेथे खुर्ची नको असते. ‘आता कोठे जाऊ?’ याचे उत्तर हवे असते. १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याखाली दहावी न झालेल्या अशा मजुराला सरकारी परवानगी आवश्यक ठरली, ती दलालांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून. परिणाम असा की, खिडकीपाशी अधिक प्रश्न त्यालाच, आणि मागच्यांची चुळबुळही त्याच्याच वाट्याला!

जानेवारी २०२५ मध्ये तेथे आगाऊ पडताळणी झालेल्या नागरिकांसाठी स्वयंचलित द्वारे आली. त्यांचा मत्सर करण्याचे कारण नाही. त्यांच्या जाण्याने रांग आखूडच होते. परंतु अधिकाऱ्याचा जो वेळ त्यामुळे वाचला, त्यावर पहिला हक्क कोणाचा? माझ्या मते त्या मजुराचा. त्याचे कागद शांतपणे पाहावेत, अडले ते त्याला कळेल अशा भाषेत सांगावे. तामसीकडील पुष्कळांच्या बाबतीत ती भाषा मराठी असते.